आधी फुंकर, मग आकडा

मित्रांनो, एक गोल तबकडी, तिच्यात एक काटा आणि तिला जोडलेली वीतभर रबरी नळी, नळीच्या टोकाला तोंड, एवढंच माझं शरीर. टायरमधली हवा मोजणं हे माझं काम. गॅरेजात मला गेज म्हणतात.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, गणूकाकांच्या खिशात. काका राजापूरकडचे. टायरच्या दुकानात अकरा वर्षं त्यांनी मला वापरलं. टायरला लावण्यापूर्वी ते माझ्या तोंडात फुंकर मारायचे. तिथे वाळू कुठेही शिरते ना! शेजारचा रफिक हसायचा, "गणू, शादी कर ले इससे. दिनभर पप्पी लेता है!" काका म्हणायचे, "आधी फुंकर, मग आकडा." मी एकदाही खोटं बोललो नाही, याचा मला फार अभिमान होता.

काका कायमचे गावी निघाले, तेव्हा त्यांनी मला पुतण्याला, सुजीतला दिलं. तो दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहतो. काका म्हणाले, "वाळूत जाशील तेव्हा टायर अठरा पौंडांवर आण. टायर पसरला की गाडी रुतत नाही. आणि याचं तोंड साफ ठेव." सुजीतने मान डोलावली, लक्षात राहिलं ते फक्त अठरा.

वर्षभर मी खणात संपलेल्या बॅटऱ्यांसोबत पडून होतो. मग खंडेनवमी आली. सुजीतने पाटावर लॅपटॉप मांडला, गाडीची किल्ली ठेवली आणि शेजारी मला. हळद, ओलं कुंकू, झेंडू, अक्षता! मी हरखून गेलो. पण माझं तोंड वर होतं. एक दाणा घसरून थेट आत गेला आणि कुंकवासकट तिथेच वाळला. घशात काहीतरी टोचत राहिलं. कोणाला सांगणार?

पुढच्याच शनिवारी सुजीत, त्याची बायको अनुपमा आणि नऊ वर्षांची शुभ्रा स्वतःची गाडी घेऊन वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान पाहायला निघाले. फाटकावरच्या रक्षकाने बजावलं, "आखलेली वाट सोडू नका. सहाला फाटक बंद."

वाळूची वाट सुरू झाली तिथे सुजीतने टायरची हवा सोडली आणि मला लावलं. दाण्यामुळे माझं तोंड नीट बसेना. हवा बाजूने फुसफुसत निसटत होती. टायरमध्ये एकोणतीस पौंड होते. माझा काटा अठरावर थांबला. मी जीव तोडून पुढे सरकायला बघत होतो, पण मित्रांनो, माझा काटा हवा हलवते, मी नाही.

"इतक्या लवकर उतरली?" अनुपमाने विचारलं. ती एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते.

"ही तुझी लॅब नाही. खलास, झालं! यल्ला, चला, बसा."

चारही टायरांबाबत मी खोटं बोललो.

दोन किलोमीटरवर, एका चढावर चाकं जागीच फिरू लागली. सुजीतने जोर दिला, तशी ती अर्धी रुतली. घड्याळात चार वाजले होते. फोनला रेंज नव्हती. पाण्याच्या दोनच बाटल्या.

"बाबा, आर वी स्टक?"

"नाही गं, थांबलोय," अनुपमा म्हणाली. तिच्या आवाजावर शुभ्राचा विश्वास बसला नाही. माझाही नाही.

सुजीतने हातांनी वाळू उपसली. गाडी आणखी खाली गेली. शेवटी त्याने एक बाटली उचलली. "टायर तर अठरावर आहेत. काय कळेना. तुम्ही बसा, मी चालत फाटक गाठतो."

माझ्या एका आकड्यापायी तो उन्हात एकटा निघाला होता! तोंड असून मी मुका.

"कोणीही गाडी सोडायची नाही," अनुपमा म्हणाली. ती टायरपाशी उकिडवी बसली. "सुजीत, हा अठरावर आहे? याचं पोट सुटलेलं दिसत नाही." तिने मला लावलं. अठरा. पुन्हा लावलं. तेरा. पुन्हा. वीस.

"एका टायरचे तीन आकडे? टायर नाही, हा बिघडलाय."

"फेकून दे मग!"

मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. तिने मात्र मला उन्हाकडे धरून आत पाहिलं, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि हलकेच काहीतरी उकरलं. तळहातावर लाल तांदूळ पडला.

"घे. तुझी अक्षता."

"अगं, मी तर पूजाच केली होती..."

"पूजा याची केलीस आणि गळाही याचाच धरलास!"

या वेळी मी खरं बोललो: अठ्ठावीस; एक पौंड मोजता मोजताच निसटला होता. हवा सोडत सोडत चारही टायर खऱ्या अठरावर आले. गाडी कण्हली, डोलली आणि हळूच वर आली. फाटक गाठलं तेव्हा सहाला दहा मिनिटं होती.

परतताना पेट्रोल पंपावर अनुपमाने तिथल्या यंत्राशी माझी तुलना केली. मी अर्धा पौंड कमी दाखवतो, असं निघालं. तिने पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'अर्धा कमी'. मला राग नाही आला. इतक्या नीट मला कोणी पाहिलं नव्हतं.

आता काम शुभ्राकडे आहे. ती गाल फुगवून फुंकर मारते आणि बजावते, "नाऊ टेल द ट्रुथ, हं!"

मित्रांनो, तुमच्या घरच्या अवजारांना खुशाल हार घाला, पण अधूनमधून त्यांच्या तोंडातही डोकावा. घसा दुखतो, हे आम्हाला सांगता येत नाही. आम्ही फक्त चुकीचा आकडा दाखवतो.