दहा मिनिटं पुढं

पहिली थप्पड कानशिलात बसली तेव्हा सूर्यभानची खाकी टोपी उसाच्या सरीत जाऊन पडली. दुसरी कुणी मारली ते कळलंच नाही. मग काठ्या आल्या.

"पिंजरा कुठं हाय? तीन आठवडं झालं, पिंजरा कुठं हाय?" गोरक्ष ओरडत होता. एरवी मामा म्हणणारा गोरक्ष. बांधावर त्याच्या आईवर, राहीबाईवर, गोधडी टाकली होती. पहाटे गवताला गेलेल्या म्हातारीची मान धरून बिबट्याने तिला उसात ओढलं होतं. गोधडीबाहेर फक्त पाय दिसत होते.

"आरं गोरक्षा, मोबाईलात भरलं हुतं! तीनदा भरलं!" सूर्यभानच्या तोंडातून शब्दांबरोबर रक्त आलं.

शेजारच्या अंगदने त्याच्या खिशातला मोबाईल हिसकला, वनखात्याच्या कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. तिथले साहेब म्हणाले, "त्या वस्तीची आमच्याकडे एकही नोंद नाही. नोंदच नाही, तर पिंजरा कसा मंजूर होणार?"

"खोटारड्या!" गोरक्षची काठी मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू गेला. कुणी लाथा घातल्या, कुणी दगड उचलला. पोलिसांची जीप आली म्हणून सूर्यभान वाचला.

कोल्हारच्या या नदीकाठच्या पट्ट्यात तो एकतीस वर्षं वनमजूर होता. पूर्वी बिबट्याचा ठसा दिसला की चिठ्ठी लिहून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, की दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर. दोन महिन्यांपूर्वी कागद बंद झाला आणि मोबाईलात अ‍ॅप आलं. फोटो काढा, माहिती भरा, 'जतन झाले' अशी हिरवी अक्षरं आली की काम फत्ते. राहीबाई दर वेळी स्वतः ठसा दाखवायला यायची. "केवढा हाय ते कळू दे साहेबाला," म्हणत ठशाशेजारी आपला विळा धरायची. मग चहा पाजायची.

"भाऊ, पिंजरा लवकर आना. उसाकडनं जायाचं लई भ्या वाटतं."

"आलाच समजा आक्का," तो सांगायचा. तीनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर आणि तोंडात दोन दात कमी, अशा अवतारात तो कचेरीत गेला. नुकसान व्हायचं ते झालं होतं. आपण खोटं बोललो नाही, एवढंच त्याला आता सिद्ध करायचं होतं. संगणकावर बसणाऱ्या निकिताने मोबाईल हातात घेतला.

"काका, 'जतन झाले' म्हणजे फक्त तुमच्या फोनमध्ये. कचेरीपर्यंत काहीच पोचलेलं नाही."

"मंग त्ये अ‍ॅप काढून परत टाक की."

"नको! तिन्ही नोंदी पुसून जातील."

तिने नेट पाहिलं, फोनमधली जागा पाहिली, पासवर्ड पुन्हा घातला. सगळं ठीक. तरी पाठवायला गेलं की लाल ओळ यायची. ती ओळ तिने दोनदा वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काका, तुमच्या फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढं कसं?"

"मुद्दाम लावलंय पोरी. घरचं पन तसंच हाय. यष्टी चुकू न्हाई म्हनून." नोकरीच्या पहिल्याच वर्षी गाडी चुकली तेव्हा साहेबाने त्याला चारचौघांत झापून घरी पाठवलं होतं. तेव्हापासून त्याच्या घरात खरी वेळ कधी लागलीच नाही.

निकिता हळू आवाजात म्हणाली, "नोंद पाठवताना तिकडचं मशीन फोनची वेळ तपासतं. ती खऱ्या वेळेच्या पुढं दिसली, की नोंद खोटी समजून परत पाठवतं."

सूर्यभानने मोबाईल परत घेतला. उजव्या अंगठ्याने त्याने स्वतःच वेळ नीट लावली. तिन्ही नोंदी एकामागोमाग गेल्या. तासाभरात मंजुरी आली, पिंजरा घेऊन जा म्हणून. तासाभरात! तो उपरण्यात तोंड खुपसून रडला.

"मी रेंज नव्हती असं लिहिते," निकिता म्हणाली. "कुणाला कळणार नाही. आणि साहेबांनी मारणाऱ्यांवर फिर्याद लिहून ठेवलीय. अकरा नावं आहेत. तुमची सही पाहिजे फक्त."

सही न करता तो पिंजऱ्याच्या टेम्पोत बसला.

गोरक्ष दारातच होता. पिंजरा उतरवल्यावर त्याच्याच गजांना लागून सूर्यभान उभा राहिला. "साहेबाचं न्हाई, रेंजचं न्हाई. घड्याळ मीच पुढं लावलं हुतं, म्हनून नोंद गेली न्हाई. चूक माझी हाय, गोरक्षा."

गोरक्षने कुदळीचा दांडा उचलला. सूर्यभानने हात वर केला नाही, मानही फिरवली नाही. दांडा त्याच्या कानाजवळून पिंजऱ्याच्या गजांवर बसला. पुन्हा बसला. गोरक्ष बोंब ठोकत गजांवर घाव घालत राहिला, दांड्याचे दोन तुकडे होईपर्यंत.

मग सूर्यभानने मोबाईल पुढे केला. चिखलातला ठसा, शेजारी विळा, आणि विळा धरलेलं गोंदलेलं मनगट. गोरक्ष बघत बसला. स्क्रीन विझली की बोट लावून पुन्हा उजेड करायचा.

"धरा तिकडून," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून पिंजरा उसाच्या कडेला लावला.

घरी आल्यावर सूर्यभान स्टुलावर चढला. एका हाताने भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याने काटा मागं घेतला. बायको कडूबाई चुलीपाशी होती.

"आवो, यष्टी चुकंल की सकाळची!"

"चुकू दे," तो म्हणाला, आणि घड्याळ पुन्हा खिळ्याला अडकवायला लागला.