कोरं कापड

माझी बायको रंगू गेली ते मला दुपारी सव्वादोनला कळलं. ती गेली होती साडेबाराला. मधला वेळ मी वाशीमच्या एका हॉटेलात, बियाणं विकणाऱ्या दुकानदारांच्या मेळाव्यात, गळ्यात हार घालून बसलो होतो. कंपनीच्या माणसाने सगळ्यांना मोबाइलचे आवाज बंद करायला लावले होते. सोयाबीनचं बियाणं जास्त खपवलं म्हणून मला नवराबायकोची बँकॉकची सहल जाहीर झाली. टाळ्या झाल्या. मग मी जेवलो, पनीर दोनदा घेतलं. गाडीत बसून मोबाइल पाहिला तर शेजारच्या धनीबाईचे अकरा फोन येऊन गेलेले. रंगू शिरपूरला आमच्या दुकानातच, थैल्यांजवळ पडली होती. ते बियाणंही बहुतेक तिनेच विकलेलं. मी नुसता मोटरसायकलवर गावं फिरायचो आणि चहा प्यायचो.

कंपनीने सहल दोनदा पुढे ढकलली. वर्षश्राद्धही होऊन गेलं. मग ती ठेवली नेमकी पित्तरपाटात, पितरांच्या पंधरवड्यात, कारण त्या दिवसांत तिकिटं स्वस्त असतात. एरवी पित्तरपाटात खिळा विकत न घेणारे बत्तीस दुकानदार बायकांसकट निघाले. कुणाला काही वाटलं नाही. मीही निघालो, एकटा, तेव्हा दुसऱ्याला काय बोलायचं.

चार दिवस आम्ही बँकॉकमध्ये वरण शोधत फिरलो. वरण मिळालं की ते गोड आहे म्हणून शिव्या दिल्या. नदी पाहिली ती मोबाइलमधून. पोहरादेवीकडचा धनसिंग, माझ्या शेजारच्या खोलीतला, प्रत्येक दुकानात जाऊन "लास्ट प्राइस" एवढंच बोलायचा आणि काही न घेता बाहेर यायचा. याला तो परदेश पाहणं म्हणत होता.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळे बाजारात तुटून पडले. डोकेदुखीच्या मलमाच्या बाटल्या डझनाने घेतल्या, जशी काय अख्ख्या वाशीम जिल्ह्याची डोकी दुखत होती. मला एकच वस्तू घ्यायची होती. सवाष्ण मेलेल्या बाईच्या नावाने पित्तरपाटातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात आणि कोरं कापड देतात. कोरं म्हणजे कुणी न वापरलेलं. वर्षश्राद्धाआधी ती करत नाहीत, म्हणून रंगूची ही पहिली नवमी. सवाष्ण म्हणून धनीबाईच, दुसरी कोण असणार. रंगूच्या हक्काचं एक तिकीट होतं, तर तिथलं काहीतरी तिच्या नावाने धनीबाईच्या अंगावर यावं, एवढंच मनात होतं. साडी तिथे कुठे मिळायची. मी सहा मीटर हिरवं रेशीम कापून घेतलं.

बाराला खोल्या सोडल्या. विमान संध्याकाळचं. हॉटेलच्या खाली सगळ्यांनी बॅगा उघड्या टाकून वजनं करायला घेतली. लोक बाजूने वाट काढून जात होते.

धनसिंग माझ्याकडे आला. "रामरावभाऊ, तुमची बॅग तं रिकामीच दिसून राह्यली. चार बाटल्या ठेवू का?"

"ठेव," म्हणालो आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर त्याने बॅग बंदही केली होती.

विमानतळावर वजन माझंच जास्त भरलं. काउंटरवरच्या पोरीने बॅग उघडायला सांगितली. वर मलमाचे खोके, खाली भात शिजवायचं यंत्र, आणि त्याच्याखाली दारूच्या दोन बाटल्या हिरव्या रेशमात गुंडाळून, वरून चिकटपट्टी मारलेली. एकीचं बूच सैल होतं. कापड ओलं झालं होतं.

"हे कापड कायले घेतलं तू?" मी विचारलं.

"काच आहे ना भाऊ. फुटली असती." तो हसत होता. "पिशवीत नुसतं पडेल होतं. धुऊन टाकजा. कोण पाहून राह्यलं?"

त्याची बायको रीता मागे उभी होती. चार दिवस मी तिला फोटोवाली बाई म्हणून हिणवत होतो, मनातल्या मनात. ती पुढे आली, ओलं कापड हातात धरलं आणि मला विचारलं, "नवमीचं होतं का, भाऊजी?"

मी मान हलवली.

ती नवऱ्याकडे वळली. "अक्कल आहे का तुमाले? मेलेल्या बाईचं कापड दारूले गुंडाळलं."

"मले काय मालूम? लिहून ठेवलं होतं का त्याच्यावर?"

"विचारता येत नोहतं?"

काउंटरवरची पोर हात जोडून आम्हाला बाजूला व्हायला सांगत होती. धनसिंगने बाटल्या काढून स्वतःच्या बॅगेत कोंबल्या. कापड मला देऊ लागला. मी ते तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. धुतलेलं कापड कोरं होत नाही.

आत विमानाची वाट पाहत बसल्यावर रीताबाई माझ्याजवळ आली. "कापड शिरपुरात भेटन, भाऊजी. सवाष्णीले आवतण देल्लं का?"

"नाही."

"उद्या आठम, परवा नवमी. आदल्या दिवशी आवतण लागते. आता फोन लावा, मी बोलतो हवं तर. बाईमाणसाचं काम आहे हे."

मी मोबाइल काढला. धनीबाईचं नाव शोधलं. त्या नावाखाली ते अकरा फोन अजून तसेच आहेत, मी पुसले नाहीत. तेरवीनंतर मी तिच्या दारावरून जाणं सोडलं, मागच्या गल्लीने दुकानात जातो. फोन काहून नाही उचलला, असं तिने मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पनीरचं सांगावं लागलं असतं.

मी मोबाइल खिशात ठेवला. फोनवर आवतण देत नाहीत, घरी जाऊन द्यावं लागतं, असं रीताबाईला सांगितलं. तिला ते पटलं. धनसिंग पलीकडे पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याला मी मनातून बऱ्याच शिव्या दिल्या, पण त्याने फक्त कापड नासवलं होतं.

उद्या दुपारपर्यंत घरी पोचू. कापड दुसरं घेता येईल. धनीबाईला आवतण द्यायचं राहिलं आहे.