भोंग्यावरचा कापूस

मी एक जुना फ्रीझर. नाव ऐकून लगेच जिभल्या चाटू नका, मित्रांनो, माझ्या पोटात आइस्क्रीम कधीच नव्हतं. माझ्या पोटात असायचं माणसांचं रक्त. म्हणजे रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, बोटाएवढ्या नळ्यांमध्ये गोठवलेलं. घरातला फ्रीझर माझ्यापुढे अगदीच कोमट म्हणायचा. माझ्यात कुणी उघडा हात घातला तर कातडीच चिकटून बसेल. आता तुम्हीच सांगा, असल्या प्राण्याशी मैत्री कोण करणार?

नवा आलो तेव्हा मात्र माझा काय थाट होता! मला जिन्यावरून वर चढवताना हमालांचा घाम निघाला. प्रयोगशाळेतला जो तो येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मी फार घरघरतो, आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. तेव्हापासून लोक यायचे, झटकन दार उघडायचे, हवं ते घ्यायचे आणि धाडकन लावायचे. "दार उघडं ठेवू नकोस गं!" एवढंच बोलणं मी जन्मभर ऐकलं, आणि तेही माझ्याशी नव्हतंच.

एक डॉक्टरबाई तेवढ्या वेगळ्या. मी आतून गोठलेला असलो तरी बाहेरून माझी कूस कोमट असायची. थंडीच्या दिवसांत बाई चहाचा कप घेऊन मला टेकून उभ्या राहायच्या. "बरा आहेस रे तू," असं एकदा म्हणाल्याही होत्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

बाईंचं काम मोठं नाजूक होतं. आपल्या रक्तात प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे फिरत असतात. काही रक्तवाहिन्यांना सांगतात, "आवळा!" काही सांगतात, "सैल सोडा!" दोघांचं जमलं की रक्त सुखाने वाहतं. पण ज्यांचं पोट सुटलंय, साखर वाढलीय, रक्तात चरबी साचलीय, रक्तदाब चढलाय, त्यांच्यात हे जमेनासं होतं का? आणि तब्येत सुधारली की पुन्हा जमतं का? बाईंना हेच शोधायचं होतं. त्यासाठी त्यांनी लोकांचं आधीचं रक्त घेतलं आणि काही वर्षांनी नंतरचंही घेणार होत्या. दोन्ही एकाच वेळी तपासायची, म्हणजे तुलना चोख होते. पण ते तुकडे भारी नाजूक, ऊब लागली की मोडलेच. म्हणून आधीचं सगळं रक्त माझ्या हवाली केलेलं होतं.

रक्त देणाऱ्यांत एक शिंपीकाका होते. "जगाची कंबर मोजतो मी, माझी कोण मोजणार?" असं म्हणून ते खदाखदा हसायचे. "पँट घट्ट झाली की शिवण उसवायची, दोन बोटं सोडायची. झालं काम!" बाईंनी त्यांच्याच गळ्यातली टेप घेतली आणि त्यांच्याच पोटाभोवती गुंडाळली. आकडा बघून काकांचं हसू मावळलं. त्या दिवसापासून ते रोज चालायला लागले, गोळ्या वेळेवर घ्यायला लागले. पुढे त्यांचं नंतरचं रक्तही आलं, पण ते नव्या फ्रीझरमध्ये गेलं. तोवर मी म्हातारा झालो होतो ना!

माझ्या दाराचं रबर ताठरलं होतं. फट राहिली की मी भोंगा वाजवायचो. मला दुसरी वाचाच नव्हती. "झालं याचं सुरू!" म्हणत तिथल्या तंत्रज्ञ ताईने एक दिवस भोंग्यावर कापूस ठेवला आणि वर चिकटपट्टी मारली. "हुश्श, कान किटले होते," बाईसुद्धा म्हणाल्या. खरं सांगू? ते मला फार लागलं.

आणि मग सुट्टी आली. जाताना कुणीतरी घाईने दार ढकललं, ते कडेला साचलेल्या बर्फावर अडलं. फट राहिली. मी ओरडलो. दिवसभर कापसाच्या आत ओरडत राहिलो. रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. पोटातली एकेक नळी वितळत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

सुट्टी संपून बाई आल्या तेव्हा माझ्या पायाशी पाणी साचलं होतं. त्यांनी घाईघाईने एक नळी काढली, उजेडात धरली, तिरकी केली. आतलं पाणी सरकलं. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांत तेच.

ताई रडवेली झाली. "बाई, परत गोठवून टाकू या का? दिसायला तसंच दिसेल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना गं," बाई म्हणाल्या.

शिंपीकाकांना बोलावून बाईंनी सगळं खरं सांगितलं. काकांनी लगेच बाही वर सरकवली. "त्यात काय एवढं! हवं तेवढं घ्या पुन्हा." मग तेच थबकले. बाही हळूहळू खाली ओढत म्हणाले, "पण डॉक्टरबाई, तेव्हाचा मी आता कुठून आणू?"

काका गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. माझ्या भोंग्यावरची पट्टी त्यांनी नखाने खरवडून काढली, कापूस काढला, आणि कितीतरी वेळ माझ्या कुशीला टेकून उभ्या राहिल्या.

आता माझी वायर काढलीय. जिन्याखाली उभा आहे, कूसही गार पडलीय. कुणी टेकत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी एकसारखं कुरकुरत असेल. कधी आजोबा, कधी तुमचं स्वतःचं शरीर. ऐकून ऐकून वैताग येतो, मला ठाऊक आहे. पण त्याच्या तोंडावर कापूस ठेवू नका. आधी उठा आणि दार नीट लागलंय का, ते बघा.