न पुसलेले ठिपके

नणंदबाईंच्या पोटात कधी काही राहायचं नाही. आणि राहिलं तेही नेमकं नको ते!

प्रयोगशाळेत भावजयीला आणलं त्यांनीच. सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत. भावजय मात्र चारचौघांत खुशाल 'वन्सं' अशी हाक मारायची. लोक हसायचे, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

भावजयीचं काम नकाशा काढायचं. पेशीत आरएनएचा धागा डीएनएला कुठेकुठे चिकटून बसतो, याचा नकाशा. नको तिथे चिकटून राहिला की डीएनए तुटतो. एका दगावलेल्या पेशंटच्या पेशींत तिला असे धागे सापडले, कागदावर काळे ठिपके उमटले. पण ते खरे कशावरून? त्याला परीक्षा एकच: चिकटलेला आरएनए खाणारं एन्झाइम घालायचं. ठिपके पुसले गेले तर खरे.

ते पुसले गेले नाहीत. "भलतंच काहीतरी मोजत होतीस," असं म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिचं काम बंद केलं.

आता खरी गोम ऐका. फ्रीझरबाहेर न टिकणाऱ्या त्या एन्झाइमची कुपी त्याआधीच्या शनिवारी टेबलावर विसरल्या होत्या नणंदबाई. सोमवारी पाहतात तर पार कोमट! फेकावी, तर सरांची बोलणी कोण खाणार? गुपचूप फ्रीझरमध्ये ठेवून दिली. मेलेलं एन्झाइम काय कपाळ खाणार आरएनए!

मग भावाचा फोन आला. "ताई, ती नुसती रडतेय गं. म्हणते, मला अक्कलच नाही." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी प्रयोगशाळेत शिरल्या शिरल्या त्यांनी भावजयीला गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

भावजयीचा चेहरा काय खुलला! "म्हणजे माझे ठिपके खरे असतील, वन्सं?"

"असतीलच गं! नवी कुपी मागवू. सरांना मी सांगते, काय बोलायचं ते मला बोलू देत. तू त्या पेशी काढ बाहेर."

ती जागची हलली नाही. सिंकमध्ये ब्लीचच्या पाण्यात पेशींच्या रिकाम्या कुप्या पडल्या होत्या.

"सर म्हणाले, जागा मोकळी कर. काल ओतल्या मी सगळ्या."

पेशंट तर केव्हाच गेला होता. आता त्या पेशी आणायच्या कुठून? बाईंनी रडतच तिचा हात धरला. तिनं तो अलगद सोडवून घेतला आणि हातमोजे चढवले.

"सर आलेत, मॅडम," ती म्हणाली. "सांगून या."