नुसती बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्यात औषध नाही. प्रयोगशाळेच्या फळीवर माझ्या शेजारी पाल्याचे अर्क असतात, मातीतल्या जिवाणूंपासून काढलेले रस असतात. सगळे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले. माझ्यात मात्र नुसतं अल्कोहोल. म्हणून माझ्या चिठ्ठीवर एकच शब्द आहे, 'नुसती'. काचसामान धुणारे काका तर म्हणायचे, "हिला काम ना धाम, नुसती बसून असते!"

इथे संशोधन करणाऱ्या आमच्या ताईने तिच्या मावशीच्या कुंपणाचा पाला आणि त्याच्या मुळाशी असलेली मूठभर माती आणली होती. औषध म्हणून मावशीचा त्या पाल्यावर भारी विश्वास. ताईने आधी पाल्याचा अर्क काढला, त्यात विषाणू मिसळले आणि ते मिश्रण एका चपट्या प्लेटमधल्या पेशींच्या थरावर सोडलं. विषाणू शाबूत असले की त्या थराला भोकं पडतात. इथे एकही भोक नाही! ताई आनंदाने नाचलीच. येत्या बैठकीत सगळ्यांसमोर हे सांगायचं, असं तिने ठरवूनही टाकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"नुसतीची प्लेट कुठे आहे?" प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी विचारलं.

"लावली नाही, बाई. तिच्यात काय असणार?"

"तरी लाव."

ताईने माझ्यातल्या अल्कोहोलमध्ये विषाणू मिसळून प्लेट लावली. तीन दिवसांनी पाहिलं, तर माझ्याही प्लेटमध्ये एकही भोक नाही. म्हणजे विषाणूंना पाल्याने नव्हे, अल्कोहोलनेच गारद केलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा मी जिंकले आणि ताईचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

पण ताई खमकी. तिने अल्कोहोल अगदी नावापुरतं ठेवून सगळ्या प्लेट्स पुन्हा लावल्या, आणि या वेळी त्या मुठभर मातीतल्या जिवाणूंच्या रसांच्याही. पाल्याच्या प्लेटची चाळणी झाली, माझीही झाली. मातीतल्या एका जिवाणूच्या रसाची प्लेट मात्र जवळजवळ अखंड!

ताईने लगेच फोन लावला. "मावशी, तुझा पाला नापास झाला गं. पण त्याच्या मुळाशी राहणारा एक जिवाणू पहिला आला."

"मग काय झालं? माती माझ्याच कुंपणाची ना!"

बैठकीत ताईने सगळ्यांत आधी माझी प्लेट दाखवली. आता काका मला वेगळ्या कप्प्यात ठेवतात. मित्रांनो, माझ्यासारखीला अडगळ समजू नका. आणि हो, मला स्वच्छ ठेवा. माझ्यात दुसऱ्या कशाचा एक थेंब जरी पडला, तरी मी खोटं बोलू लागेन, आणि ते कोणाला कळणारही नाही.