परत आलेले पत्ते

त्या दलालाला आम्ही घरात मधबोट्या म्हणतो, कारण मुद्द्यावर येण्याआधी तो समोरच्याला मधाचं बोट लावतोच. त्या दुपारी तो आमच्या ऑफिसात आला, पंख्याच्या वाऱ्याचं कौतुक केलं, भिंतीच्या रंगाचं केलं, माझ्या तब्येतीचंही केलं. तेव्हाच मी ओळखलं की हा काहीतरी घशात घालायला आलाय.

आमची इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी आहे. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. नेटवर यायचं तर यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीचे पत्ते आता वाटून संपलेत. ज्याच्याकडे आहेत तो विकतो, नाहीतर भाड्याने देतो. आमच्याकडे अशा पत्त्यांचा एक पट्टाच आहे. सासऱ्यांनी तो घेतला तेव्हा मागेल त्याला मिळत होता, आणि आकडे गोळा करणारा माणूस म्हणून लोक त्यांना हसायचे. जाण्याआधी त्यांनी तो माझ्या नावावर केला. आपला थोरला, म्हणजे आमचे हे, केबल ओढायला कुणाच्याही गच्चीवर चढतो आणि कुणाच्याही कागदावर सही करतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पत्ते आपले असले की वरची मोठी कंपनी मुजोरी करायला लागली तर उद्या दुसरी धरता येते. पत्ते गेले की आपण तिच्या दावणीला. आमची मालकी म्हणतात ती एवढीच.

तरी धाकट्या दिरांच्या आग्रहाखातर अर्धा पट्टा मधबोट्यामार्फत वर्षभर भाड्याने दिला होता. भाडेकरू कोण, हे त्यालाच ठाऊक. मुदत संपली, पत्ते परत आले. ते मी एका नव्या गिऱ्हाइकाला, दवाखान्याला, कबूल केले होते.

पण माझा एक रिवाज आहे. भाडेकरू गेला की त्या घरात आधी आपण राहायचं, मग गिऱ्हाईक ठेवायचं. म्हणून आमच्या मेलचा सर्व्हर मी आधी त्या पत्त्यांवर हलवला, आणि आमचे मेल परत यायला लागले. शोधल्यावर कळलं, भाडेकरूने तिथून जगभर फसवे मेल सोडले होते. मोठमोठ्या कंपन्यांनी आमचा पट्टा काळ्या यादीत टाकून आम्हालाच दारं लावली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या दुपारी मधबोट्या म्हणाला, हे आत्ताच कळतंय, त्याला धक्काच बसलाय, भाडेकरू असा निघेल हे स्वप्नातही नव्हतं. मग हळूच पुढचं काढलं. असे डागाळलेले पत्ते आता कोण घेणार? तोच घेईल, पडत्या भावात, केवळ आमच्यावरच्या मायेपोटी. आणि अर्धाच कशाला, सगळाच पट्टा.

दिरांनी मान हलवली. दलाल त्यांनीच आणला होता, त्यामुळे प्रकरण मिटवायची घाईही त्यांनाच. "देऊन टाकू, वहिनी," ते म्हणाले. "कशाला डोक्याला ताप?"

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. "भाडेकरूने घर घाण केलं म्हणून कुणी घर विकत नाही, भावोजी. झाडू घेतात."

मधबोट्या हसला. ताईंनी भावनेच्या भरात बोलू नये, म्हणाला. हो असो नाही असो, मेल करून लेखी द्यावं, म्हणजे त्याला खरेदीदाराला सांगता येईल. मी त्याच्यासमोर कीबोर्ड ओढला, 'विकायचे नाहीत' असे दोनच शब्द लिहिले आणि पाठवून दिले.

मेल परत आला. मधबोट्याच्याच ऑफिसने तो परत पाठवला होता, कारणासकट: या पट्ट्यातून कचरा येतो, म्हणून आम्ही तो बंद केला आहे. खाली बंद केल्याची तारीख होती. भाडं सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्याच महिन्यातली.

दिरांनी ते पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला त्यांची खरंच दया आली. मग ते मधबोट्याकडे वळले.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. स्वतःचं दार लावून घेतलंत आणि आमच्या घरात त्याला वर्षभर राहू दिलंत."

ते तांत्रिक विभागाचं काम, मधबोट्या म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातला मध संपला. यादीतून नाव निघता निघता नाकी नऊ येतील, तोवर हे पत्ते फुकटसुद्धा कुणी घेणार नाही, मग त्याच्याच पाया पडावं लागेल, असं त्याने मला बजावलं.

"आज तरी जिना तुम्ही चढून आलात," मी म्हटलं. "उतरताना सांभाळा, खालची पायरी मोडकी आहे."

दवाखान्याला मी खरं ते सांगितलं आणि आमच्या वापरातले स्वच्छ पत्ते देऊन टाकले. आम्ही घाणीत राहिलो. दीर न सांगता कामाला लागले. काळ्या याद्या ठेवणाऱ्या एकेकाला गाठून ते विनवायचे, पुरावे द्यायचे, भांडायचे. आमचे हे गच्चीवरून उतरल्यावर एवढंच म्हणाले की माझ्यावर चिडायचं असेल तर आता तोंडानेच चीड, मेल काही पोचायचा नाही.

मी रोज सकाळी चहाआधी मधबोट्याला तेच दोन शब्द पाठवायची. ते रोज परत यायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दीर म्हणायचे. मी म्हणायची, घडा त्याचा असेल, पाणी माझं आहे.

एकेक दार उघडत गेलं. शेवटी सगळ्यांची दारं उघडली आणि त्याचं एकट्याचं तेवढं बंद राहिलं. मग एका सकाळी मी मेल पाठवला, चहा पिऊन आले, तरी काही परत आलं नव्हतं. दिरांनी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. सगळं जग ज्याला आत घेतंय, त्याला तो एकटा किती दिवस बाहेर ठेवणार?

"पोचलं, वहिनी," दीर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाठवलं. एकदा सांगून ऐकणारा तो माणूस नाही.