तापाच्या डॉक्टरचं स्थळ

आमच्या कोरीटला आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी घेऊन येतो: बिस्किटांचा पुडा आणि एका डॉक्टरचं नाव. पुडा केवढा आणि डॉक्टर कोणाचा सोयरा, यावरून आलेल्या माणसाची पत ठरते. हिलाल आप्पांची नात भाविका तापाने पडली, तेव्हा त्यांच्या ओट्यावर दोन्हींचा ढीग लागला. मी शेजारी, आणि गाडी माझी. त्यामुळे सुचवलेल्या प्रत्येक डॉक्टरचं दार मला बघायला मिळालं.

पोर सात वर्षांची. ताप संध्याकाळी चढायचा, पहाटे तिला घामाने चिंब करून उतरायचा. मध्येच आठवडाभर नाहीसा व्हायचा आणि घरच्यांनी जरा हसून बोलायला सुरुवात केली की परत यायचा. त्यात तिचा गुडघा धरायचा. पोर लंगडत आजीच्या मागे शेळीच्या गोठ्यापर्यंत जायची आणि तिथेच बसून राहायची.

पहिलं नाव आप्पांचा भाचा राजेंद्र याने आणलं. त्याचा साडू कान-नाक-घशाचा डॉक्टर.

"ताप शेवटी डोक्यातच चढतो ना मामा," राजेंद्र म्हणाला.

साडूने भाविकाचे दोन्ही कान स्वच्छ करून दिले. मग गल्लीतल्या नर्मदाबाईंच्या जावयाचा भाऊ. तो हाडांचा. त्याने गुडघ्याला पट्टा दिला. माणसं दोघेही सज्जन. हे आमचं काम नाही, असं दोघांनीही तोंडावर सांगितलं. पण सोयरे एवढ्या लांबून आलेले, त्यांना हात हलवत परत कसं पाठवायचं? म्हणून कान आणि पट्टा.

नंदुरबारच्या बालरोगतज्ज्ञाचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, कारण तो कोणाचाच कोणी नव्हता. त्याने रक्त तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "टायफाइड नाही, मलेरिया नाही. आता लहान मुलांच्या संसर्गजन्य आजारांचे तज्ज्ञच बघायला हवेत. सुरतेहून महिन्यातून एकदा शहाद्याला येतात."

नाव-पत्ता विचारायला मी मागे थांबलो. नाव ऐकलं आणि मला खोकल्याचं सोंग करून बाहेर यावं लागलं.

गाडीत सुंदरबाई, म्हणजे भाविकाची आजी, म्हणाल्या, "पोरेस्ना डॉक्टर ऐकेल शे, तापना बी ऐकेल शे. दोन्ही मियीसन एक?"

आप्पांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "कोनना शे तो?"

"आपल्याच पट्ट्यातला," मी म्हणालो. "पुरुषोत्तमनगरचा."

'तो' नसून 'ती' आहे, आणि ती कोण, हे सांगायचं मी शहाद्यापर्यंत लांबवलं. कारण नाव सांगितलं असतं, तर सुंदरबाई आल्या नसत्या. आणि भाविका त्यांच्याशिवाय सुई टोचून घेत नाही.

आता मागचं सांगतो. आप्पांचा मुलगा नवनीत नुकताच पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला होता, तेव्हा पुरुषोत्तमनगरचं एक स्थळ मीच आणलं होतं. वडील साखर कारखान्यात, मुलगी रंजिता, ताजी एमबीबीएस. पोहे झाले, चहा झाला. सुंदरबाईंनी मुलीला आपादमस्तक न्याहाळून फर्मावलं, "जरा दारलोंग चालीसन दखाड."

डॉक्टर मुलगी दारापर्यंत चालून आली. बसली. मग म्हणाली की अजून शिकायचंय, आधी बालरोग, मग त्यातही मुलांचे संसर्गाचे आजार.

"लहान्या पोरेस्ना तापकरता इतलं शिकाले लागस?" सुंदरबाई हसल्या होत्या. "आमना पोरेस्ले आम्ही शेळीनं धारोष्ण दूध पाजं. कोन्ही शिंकनं बी नही!"

दुसऱ्या दिवशी नकार गेला. पोरगी चांगली, पण शिक्षण संपायचं नाव घेईना. तो नकार मी पत्रिकेच्या अंगावर घालून पोहोचवला. नवनीतला पुढे काजल मिळाली. तीही शिकलेली, पण बेताची, असं सुंदरबाईंचं मत.

रविवारी शहाद्याच्या त्या दवाखान्यात दार उघडलं आणि टेबलामागे रंजिता. चष्मा लागलेला, बाकी तीच. सुंदरबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि बाकड्याच्या टोकावर मान खाली घालून बसल्या. नवनीत भिंतीवरच्या लसींच्या तक्त्यात असा गढला, जणू संध्याकाळी त्याची परीक्षा आहे. काजलला यातलं काहीच माहीत नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

रंजिताने ओळख दाखवली नाही. भाविकाला जवळ घेतलं, पोट चाचपलं, गुडघा बघितला. मग म्हणाली, "जरा दारापर्यंत चालून दाखव बरं."

सुंदरबाईंचा पदर आणखी दोन बोटं खाली आला. पोर लंगडत गेली, लंगडत आली.

मग प्रश्न सुरू झाले. घरात कोणाला खोकला? पाणी कुठलं? जनावरं कोणती? दूध उकळून देता की कच्चं?

"उकळूनच," काजल ताडकन म्हणाली. "मी स्वतः उकळते. कच्चं घरात कोणाला पिऊ देत नाही."

रंजिताने पेन खाली ठेवलं. काजलवरून नजर सरकत बाकड्याच्या टोकाशी थांबली. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि कोरीटच्या ओट्यावर बसल्यासारखी बोलू लागली.

"मावशी, इतला ताप काढा तरी पोर कशी टिकी ऱ्हायनी! कोनना हातनं खास ही?"

सुंदरबाई बाकड्याच्या आणखी टोकाला सरकल्या.

"आईनंच व्हई मंग," रंजिता काजलकडे वळत म्हणाली.

हे मात्र सुंदरबाईंना सोसलं नाही. पदर मागे गेला.

"तिन्ही आईनं? उकाळेल दूधमा काय ताकद ऱ्हास? रोज दिवस मावळता मी तिले गोठामा लई जास. थनखाले वाटी धरी, ऊन-ऊन दूध पाजस. मन्हा नवनीत बी तसाच मोठा व्हयना!"

काजलने सासूकडे बघितलं. नवनीतने तक्ता सोडला.

"शेळी कधी गाभडली होती का?" रंजिताने शांतपणे विचारलं.

"दोनदा," आप्पा म्हणाले. "औंदा. एक बी पिल्लू हाती लागनं नही."

"मग रक्त त्या तपासणीसाठी पाठवते. काही जनावरांच्या दुधातून ताप येतो. उकळलं की काही होत नाही. कच्चं प्यायलं की असा येतो-जातो, आणि सांधे धरतो."

सुंदरबाईंचा चेहरा वाटी उपडी केल्यासारखा रिकामा झाला. "मन्हा हातनं?" एवढंच म्हणाल्या. भाविकाने आजीच्या मांडीत डोकं घातलं. वाद करायला आयतं कारण मिळालेली काजलही काही बोलली नाही. मी तिच्या खात्यावर ही मोठी जमा धरतो.

तपासणीचा निकाल तसाच आला. रोगाचं नाव ब्रुसेलोसिस. आप्पांना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. शेळी वेगळी बांधली, जनावरांच्या डॉक्टरला दाखवली. औषध दीड महिना, एकही वेळ चुकवायची नाही.

"हे कोणाकडे देऊ?" पुढच्या भेटीत औषधांची पिशवी उचलत रंजिताने विचारलं. नवनीतने हात पुढे केला. तिने तो ओलांडून पिशवी सुंदरबाईंच्या मांडीवर ठेवली. "पोर तुमच्याच हातनं पेस ना मावशी? मंग हाईबी तुम्हीच पाजा."

त्या दिवसापासून सुंदरबाई औषधाची वेळ झाली की गल्लीतून हाका मारत फिरायच्या, आणि दूध उकळताना चुलीपाशी पहारा द्यायच्या. काजलने एका उकळीवर उतरवलं, तर "आखो एक येऊ दे" म्हणून पातेलं परत चढवायच्या. कोणी नवा डॉक्टर सुचवायला आलं, तर बिस्किटं ठेवून घ्यायच्या आणि माणूस परत पाठवायच्या.

औषध संपल्यावर आम्ही परत शहाद्याला गेलो. सुंदरबाईंनी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. वाटेत, प्रकाशा गावाजवळच्या पुलावर, मला हळूच विचारलं, "डॉक्टरनं लगीन व्हयनं का रे?"

"झालं ना. नवराही डॉक्टर."

"तिन्ही सासूनी काय ईचारं व्हतं तिले?"

"ते मी कसं सांगू वहिनी? ते स्थळ माझ्याकडून नव्हतं."

ताप परत आला नव्हता, पण गुडघ्याचं काय, हे डॉक्टरने सांगायचं होतं. रंजिताने पोट चाचपलं, कागद बघितले आणि भाविकाला खाली उतरवलं.

"दारापर्यंत."

भाविका गेली. तिथून न सांगता पळत आली. लंगडणं कुठेच नव्हतं. सुंदरबाई बाकड्यावरून अर्ध्या उठल्या होत्या, हात पदराच्या टोकाला घट्ट. डोळे डॉक्टरच्या तोंडावर.

रंजिताने चष्मा काढला, पोरीला आपादमस्तक न्याहाळलं, बराच वेळ घेतला.

"पसंत शे," ती म्हणाली.

सुंदरबाई मटकन खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन एवढ्या हसल्या, की काजलने मला विचारलं, "काका, यात हसण्यासारखं काय आहे?"

मी पंख्याकडे बघितलं.